देवमाशासाठी शिवलेली झोळी

बंदरात तिला सगळे हुकवाली म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता सांगता येणार नाही, पण ठेवणाऱ्याच्या मनात कौतुक नव्हतं एवढं नक्की. क्रेनच्या केबिनमध्ये बाई चढलेली त्या बंदराने तोवर पाहिलीच नव्हती.

ती मूळची वजनकाट्यावरची. मालाचे ट्रक काट्यावर चढायचे, ती आकडा बघून पावती फाडायची, ट्रक पुढे जायचा. तिच्या खिडकीतून समोरची क्रेन दिसायची. कुणी ऑपरेटर एवढी अवजड लोखंडी पेटी झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशी अलगद जहाजावर ठेवायचा, तर कुणी धाडकन आदळायचा. हे ती वर्षानुवर्षं बघत होती. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तिने फोरमनला गाठलं.

"साहेब, मला क्रेन शिकायचीय."

फोरमनने डब्यातून मान वर काढली. तो उंच, हडकुळा आणि मनाने वाईट नसलेला माणूस होता, पण नवीन काही करायचं म्हटलं की त्याच्या पोटात गोळा यायचा. "बाई, तुम्ही काट्यावर बऱ्या आहात की."

"बरी आहे म्हणूनच सांगते. वजन मला कळतं. आता ते उचलायचं कसं तेवढं शिकवा."

तो हसला आणि विषय संपला असं समजला. ती पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. नंतर रोज येऊ लागली. ती भांडली नाही, रडली नाही. डबा घेऊन त्याच्या समोरच्या बाकावर बसायची आणि जेवण झालं की तोच प्रश्न विचारायची. अखेर फोरमनच्या नाकी नऊ आले. "चढा एकदाच्या," तो म्हणाला, "म्हणजे तुमचं समाधान होईल आणि मला सुखाने चार घास खाता येतील." ती चढली ती चढलीच. दोन-तीन वर्षांत अशी वेळ आली, की काचेचं सामान आलं की फोरमन स्वतःच ओरडायचा, "हुकवालीला बोलवा रे!"

घरी नवरा आणि सासू. नवरा ताडपत्र्या शिवायचा. दुकानांची छपरं, मंडप, ट्रकवरची आच्छादनं असं सगळं त्याच्याकडे यायचं. पुढच्या खोलीत त्याचं मशीन, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि मधल्या दारात सासूबाईंची खुर्ची. तिथून त्यांना दोन्ही खोल्यांतल्या चुका दिसायच्या.

देवमाशाची गोष्ट घडली ती हुकवालीला क्रेनवर बरीच वर्षं झाल्यानंतर.

गावाबाहेरच्या किनाऱ्यावर सकाळी एक देवमासा लागलाय अशी बातमी आली आणि बंदराच्या साहेबांनी चाकांवरची क्रेन देऊन हुकवालीला पाठवलं. हुकवालीने जाऊन पाहिलं तर ते पिल्लू होतं. पिल्लू म्हणजे एखाद्या टेम्पोएवढं. काळंभोर अंग, दोन्ही बाजूंना लांबलचक पांढुरके पर, तोंडावर गाठी गाठी. प्राण्यांची डॉक्टर आधीच पोचली होती. एरवी कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात बसणारी ही तरुण बाई गुडघाभर ओल्या वाळूत उभी राहून चादरी भिजवून पिल्लाच्या अंगावर टाकत होती.

"हंपबॅक जातीचं आहे," ती म्हणाली. "डोक्यावरच्या त्या भोकात पाणी जाऊ देऊ नका, ते नाक आहे त्याचं."

"नाकाने हवा घेतंय ना? मग मरतंय कशाने?" हुकवालीने विचारलं.

"वजनाने. पाण्यात त्याचं वजन पाणी पेलतं. इथे त्याला स्वतःच्याच अंगाखाली चिरडायला होतंय. आणि अंगभर चरबी, म्हणजे उन्हात आतल्या आत शिजणं. ताई, उचलता येईल का?"

उचलण्याइतकी ताकद क्रेनमध्ये होती, पण बांधायचं कशाने? क्रेनवर पोलादी दोर होते, त्यांनी त्या मऊ अंगाचे दोन तुकडे केले असते. जमलेल्यांपैकी कुणी म्हणालं, शेपटीला दोर बांधा आणि बोटीने ओढा. डॉक्टर आडवी उभी राहिली. "शेपटीचा मणका निखळेल. तसं करायचं तर आधी मला ओढा." मग रुंद पट्टे आणायला शेजारच्या बंदराकडे गाडी धाडली. बाहेर खोल पाण्यात मधूनच फवारा उडत होता. पिल्लाची आई होती ती. किनाऱ्याला समांतर इकडून तिकडे, तिकडून इकडे फेऱ्या घालत होती. फवारा उडाला की पिल्लू शेपूट हलवायचं.

पट्टे आले तेव्हा शेपूट हलायची थांबली होती.

लोक पांगले. हुकवालीने क्रेन बंद केली आणि डॉक्टरच्या शेजारी वाळूत बसली. आईच्या फेऱ्या चालूच होत्या. डॉक्टर रडत होती. हुकवालीला रडू आलं नाही. तिला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. क्रेन होती, ती चालवणारी होती, उपाय सांगणारी होती. एवढं सगळं असून एका कापडावाचून जीव गेला.

घरी येऊन तिने चहासुद्धा घेतला नाही. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्हाला देवमाशाची झोळी शिवता येईल?"

नवऱ्याने मशीन थांबवलं. बायकोला तो चांगला ओळखून होता, म्हणून 'कशाला' असं त्याने विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "माप काय?"

पुढचे कित्येक महिने सुट्टीच्या दिवशी पुढची खोली त्या झोळीने भरलेली असायची. बाहेरून जाड ताडपत्री, आतून जुन्या घोंगड्यांचं अस्तर, आणि खालून माल बांधायच्या रुंद पट्ट्यांची जाळी. परांसाठी दोन भोकं कुठे ठेवायची ते सांगायला डॉक्टर येऊ लागली आणि हळूहळू घरचीच झाली. सासूबाईंना ती आवडली, कारण त्यांच्या प्रश्नांना ती उत्तरं द्यायची.

"एवढं मोठं धूड आणि दूध पितं म्हणतेस?"

"वर्षभर पितं, आजी. त्याच्या नावात मासा आहे तेवढाच. बाकी ते आपल्यातलंच. एका वेळी एकच पिल्लू. आई त्याला सोडून हलत नाही."

"पाहिलं ना मी पेपरात," सासूबाई म्हणाल्या. मग मुलाला म्हणाल्या, "त्या कोपऱ्याला दुहेरी शिवण घाल. एकेरी उसवेल."

शिवण झाली तरी परवानगीचं राहिलंच होतं. असा प्रसंग पुन्हा आला तर कुणाला न विचारता क्रेन बाहेर काढता यावी, असं हुकवालीला बंदराच्या साहेबांकडून हवं होतं. साहेब म्हणाले, बघू. ती त्यांच्या दाराबाहेर बाकावर जाऊन बसली. फोरमनने आत जाऊन साहेबांना हळूच सांगितलं, "द्या हो. मी हिला ओळखतो. ही बसली की उठत नाही." परवानगी मिळाली.

आणि मग काहीच झालं नाही. एकही देवमासा किनाऱ्याकडे फिरकला नाही. झोळी घडी घालून क्रेनच्या शेडमध्ये पडून राहिली, आणि बंदराला चेष्टेला विषय मिळाला. कुणी सुट्टी मागितली की दुसरा म्हणायचा, "घे की, झोळीत जाऊन झोप." कुणाच्या घरी बाळ जन्मलं की हुकवालीकडे पाळणा उसना मागितला जायचा. ती हसण्यावारी न्यायची. पण दर पंधरवड्याला झोळी उलगडून, झटकून, शिवणी तपासून पुन्हा घडी करून ठेवायची. उंदरांनी एकदा घोंगडी कुरतडली तेव्हा मात्र शेडमध्ये तिने असा काही आवाज चढवला, की उंदीर राहिले बाजूला, माणसंच दोन दिवस तिकडे गेली नाहीत.

अशी तीनेक वर्षं गेली. एका सकाळी ती नुकतीच कामावर येते तोच फोरमन पळत आला. धापा टाकत म्हणाला, "हुकवाली, तुझा देवमासा आला!"

तो देवमासा नव्हता. बंदराला लाटांपासून वाचवायला मध्यंतरी समुद्रात बांध घातला होता, आणि त्याचे उरलेले काँक्रीटचे प्रचंड ठोकळे पलीकडच्या वाळूवर तसेच टाकून दिले होते. त्या ठोकळ्यांच्या बेचक्यात काहीतरी काळं अडकलं होतं. ब्रेड वाटणाऱ्या सायकलवाल्याला आधी ती उलटी पडलेली होडी वाटली. मग होडीने श्वास सोडला.

हुकवाली क्रेन घेऊन पोचली आणि तिचा विश्वास बसेना. पुरुषभर उंचीहून लांब कासव. पाठीला कवच असं नाहीच, त्या जागी काळं, तुळतुळीत चामडं. त्यावर डोक्यापासून शेपटापर्यंत उभे कंगोरे आणि पांढरे ठिपके. पुढचे पर वल्ह्यांसारखे, त्यातला एक दोन ठोकळ्यांमध्ये गच्च रुतलेला. डोळ्यांतून चिकट पाणी गळत होतं. दर थोड्या वेळाने ते मान उचलून ओढूनताणून श्वास घ्यायचं आणि पुन्हा मान टाकायचं.

देवमाशाच्या वेळचं सगळं तिला तोंडपाठ होतं. "चादरी भिजवा! डोक्यावरचं भोक सांभाळा! झोळी आणा, आणि समुद्राच्या बाजूने वाट मोकळी करा!" तिने हुकूम सोडले. तेवढ्यात डॉक्टर येऊन पोचली.

"ताई, थांबा. चादरी बरोबर आहेत. पण डोक्यावर भोक शोधू नका, हिचं नाक तोंडावरच आहे. ही लेदरबॅक आहे, चामड्या पाठीची."

"पण चरबीने आतून शिजायला हीसुद्धा लागेलच ना?"

"लागेल. त्या बाबतीत दोघी बहिणी. थंडगार समुद्रात फिरायला अंगात ऊब धरून ठेवतात आणि उन्हात तीच नडते. वजनाचं मात्र वेगळं. ते पिल्लू वाळूवर एक दिवस काढू शकलं नाही. हिचा तर जन्मच वाळूतला. हिला जमिनीवर चालता येतं. कष्टाने, पण येतं."

झोळी उलगडली तर ती भलतीच मोठी. शिवाय तिचा आकार देवमाशाच्या गोल अंगासाठी होता. कासव त्यात घातलं असतं तर दोन्ही बाजूंनी चेपून त्याचा श्वास अडला असता. हुकवाली क्षणभर उभी राहिली. इतक्या वर्षांची झोळी, आणि आज ती नेमकी निरुपयोगी ठरणार? मग ती फोरमनकडे वळली. "साहेब, काचेच्या पेट्या उचलतो ती चौकट मागवा. झोळी तिच्या चारी कोपऱ्यांना बांधू, म्हणजे ती वर खेचली जाणार नाही, खाटेसारखी सपाट राहील."

फोरमनने एकदा डोकं खाजवलं, आणि त्याच्या पोटात गोळा आला असेल तर त्याने तो तसाच गिळला. स्वतः टेम्पोत बसून चौकट आणायला गेला.

चौकट आली, पण आधी वरचा ठोकळा हलवायला हवा होता. तो जरा जरी घसरला असता, तर रुतलेल्या पराचा भुगा झाला असता. फोरमन शेजारच्या ठोकळ्यावर उभा राहून हाताने खुणा करत होता आणि केबिनमध्ये हुकवालीची नजर त्याच्या बोटांवर खिळली होती. जमलेल्या सगळ्या लोकांचा जीव टांगणीला लागला होता. ठोकळा केसभर उठला, थरथरला, थांबला. तिने दांडा आणखी केसभर ओढला. पर सुटला. डॉक्टरने खालून हात वर केला. सालटी निघाली होती, पण हाड शाबूत होतं.

मग वाळू खणून झोळी पोटाखालून सरकवली, चौकटीच्या कोपऱ्यांना बांधली आणि हुकवालीने हळूहळू कासवाला हवेत उचललं. झोळी कुठेही करकरली नाही. खाली टाळ्या पडल्या.

"समुद्रात सोडा! समुद्रात!" लोक ओरडू लागले.

तिने क्रेनचा हात समुद्राकडे वळवलाही होता. एवढ्यात डॉक्टर दोन्ही हात हलवत केबिनकडे धावत आली. "ताई, एक मिनिट! वाळूत बघा. खुणा फक्त वर येणाऱ्या आहेत. हिने कुठे खड्डा खणलेला दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे अंडी अजून पोटात आहेत. ती घालायला वर येत होती आणि वाटेत अडकली. पाण्यात सोडली तर या अवस्थेत पुन्हा कधी चढेल, कुठे चढेल, सांगता येत नाही. वर कोरड्या वाळूवर ठेवली तर कदाचित इथेच घालेल. कदाचित नाहीही. ठरवायला तिला मोकळीक देऊ या. पण उचलणाऱ्या तुम्ही. तुम्ही सांगाल ते."

हुकवालीने खाली पाहिलं. झोळीत कासव निपचित पडलं होतं. पिल्लाच्या वेळेपासून तिने उरी जपलेली इच्छा एकच होती: वाळूवरून उचलायचं आणि पाण्यात सोडायचं. त्याच इच्छेपायी इतकी चेष्टा सोसली होती. आणि आज सगळं हातात आलेलं असताना उलट दिशेला न्यायचं? समुद्र हाकेवर होता. लोक ओरडत होते. कासव झोळीतच मेलं असतं तर सगळं खापर तिच्यावर फुटलं असतं.

तिने क्रेनचा हात वाळूकडे फिरवला.

"अहो बाई, समुद्र इकडे आहे!" कुणीतरी किंचाळलं. एकाने तर मूठभर वाळू केबिनच्या काचेवर फेकली. फोरमन त्याच्या अंगावर धावून गेला. "गप बस! तिला कळतंय ती काय करतेय!" हे त्याने पहिल्यांदाच असं चारचौघांत म्हटलं होतं. हुकवालीच्या कानांवर ते इंजिनाच्या आवाजात गेलंच नाही.

भरतीची रेघ संपते त्याच्याही वर, मऊ वाळूवर तिने कासवाला टेकवलं, झोळीची एक बाजू सोडली आणि इंजिन बंद केलं. डॉक्टरने सगळ्यांना लांब मागे बसवलं. कासव हललं नाही. ऊन चढत होतं. लोक कुजबुजू लागले. कुणी म्हणालं, गेलं. कुणी म्हणालं, बाईने हट्टापायी मारलं. एव्हाना नवरा सासूबाईंना घेऊन आला होता. सासूबाई थेट केबिनजवळ येऊन उभ्या राहिल्या. "काय गं, खाली ये. किती वेळ त्या पिंजऱ्यात बसणार?"

"आई, ती हलल्याशिवाय मी नाही हलत."

सासूबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून वर दिली आणि क्रेनच्या सावलीत बसकण मारली.

मग कासवाने मान उचलली. एक लांब श्वास घेतला. पर वाळूत रोवले आणि झोळीतून बाहेर आलं. समुद्राकडे तोंड होईल असं सगळ्यांना वाटलं, पण ते वळलं वरच्या बाजूला. एक ढांग, मग विश्रांती. एक ढांग, मग विश्रांती. सोललेला पर रक्ताचा पट्टा ओढत होता. झुडपांच्या अलीकडे ते थांबलं आणि मागच्या परांनी खणू लागलं. पराची ओंजळ करून वाळू उचलायची, बाजूला टाकायची, मग दुसऱ्या पराने. एवढ्या अवजड जिवाचं इतकं नाजूक काम हुकवालीने कुठल्याही ऑपरेटरच्या हातून पाहिलं नव्हतं. मग अंडी पडू लागली, एकामागून एक, पांढरी, गोल. माणसांची एवढी गर्दी, पण कुणी खोकलंसुद्धा नाही.

खड्डा बुजवून, वरची वाळू उधळून, जागा ओळखू येणार नाही अशी करून कासव समुद्राकडे निघालं. पहिल्या लाटेने त्याला हलकं केलं, दुसरीने उचललं आणि तिसरीत ते दिसेनासं झालं.

"मागे वळून बघितलंसुद्धा नाही," सासूबाई म्हणाल्या. "ती देवमाशीण बिचारी दोन दिवस फेऱ्या घालत होती."

डॉक्टर काहीतरी समजावून सांगणार होती, पण हुकवालीच आधी बोलली. ती केबिनमधून उतरली होती. "आई, ती कुठून कुठून पोहत आली, दगडात अडकली, रात्रभर झटली, सोललेल्या हाताने वर चढली, खड्डा खणला आणि पोरं नीट झाकून ठेवून गेली. आता वळून काय बघायचं राहिलं होतं?"

सासूबाईंनी यावर विचार केला. "तेही खरंच," त्या म्हणाल्या. "ज्याचं त्याचं आईपण."

त्या दिवशी संध्याकाळी लोकांनी तिला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. वाळू फेकणारा माफी मागून गेला. अंड्यांभोवती जाळी लागली आणि सायकलवाला स्वतःहून राखणीला बसला. दुसरी कुणी असती तर इथे सुखावून थांबली असती. हुकवाली दुसऱ्या दिवशी सकाळी बंदराच्या साहेबांच्या दाराबाहेर बाकावर होती.

"आता काय?" साहेब दारातच थबकले.

"ते ठोकळे उचलायचेत. वाळूवरचे सगळे. त्यांनी तिची वाट अडवली होती. आणखीही येतील तिच्यासारख्या."

"अहो, ठेवायचे कुठे? आणि उचलणार कोण? माणसं कामात आहेत."

"जुन्या गोदामामागे मोकळी जागा आहे, मी बघून आले. उचलणार मी. कामाचे तास झाल्यावर, सुट्टीच्या दिवशी. खुणा करायला फक्त एक माणूस द्या."

साहेबांनी बघू म्हटलं. ती बाकावर बसली. त्या दिवशी बसली, त्यानंतरही बसत राहिली. मधल्या काळात जाळीतल्या वाळूतून पिल्लं निघाली आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली पाण्यात गेली. ते बघायला साहेब आपल्या नातीला घेऊन आले होते. नातीने आजोबांना विचारलं, हे दगड इथे कुणी टाकले? साहेबांनी एकदा ठोकळ्यांकडे आणि एकदा हुकवालीकडे पाहिलं. हुकवाली शेजारीच उभी होती, पण तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही. ही संधी बोलून वाया घालवण्याइतकी ती कच्ची नव्हती.

परवानगी मिळाली आणि पुढच्या सुट्टीच्या दिवशी क्रेन वाळूच्या कडेला उभी राहिली. चाकांखाली टाकायला नवऱ्याने फळ्या आणल्या होत्या. खुणा करायला एखादा नवखा माणूस येईल असं तिला वाटलं होतं. आला तो फोरमन, डबा हातात घेऊन.

"तुम्ही? सुट्टीच्या दिवशी?"

"घरी बसून करू काय?" तो म्हणाला. "आणि तू बोलावशीलच, म्हटलं आपणच जावं. चल, कुठून सुरुवात करायची?"

तिने बोट दाखवलं. तो शेजारच्या ठोकळ्यावर चढला, पाय रोवून उभा राहिला आणि हात वर केला. ठोकळे पुष्कळ होते. सगळे हलायला हिवाळा संपेपर्यंत वेळ लागणार होता. तिने इंजिन सुरू केलं आणि पहिला उचलला.